कुलाब्याचा धडा

समुद्र सावंगीपासून दूर आहे. तथापि आमच्या वर्ध्याकडच्या कापसाचा भाव ज्या मुंबईच्या बाजारात ठरत असे, तेथील सागरावर हुकमत कोणाची, हा प्रश्न आम्हांलाही परका नाही. तीनशे वर्षांपूर्वी तो कान्होजी आंग्रे यांनी निर्णायकपणे उभा केला.

कान्होजींचा जन्म 1669 च्या सुमाराचा. पिता तुकोजी शिवछत्रपतींच्या आरमारात होते. राजारामांच्या काळात कान्होजी सरखेल झाले. पुढे शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांनी कैद केले. परंतु बाळाजी विश्वनाथांनी तलवारीऐवजी समेटाचा मार्ग धरला आणि आरमार शाहूंच्या पक्षाला मिळाले.

कोकणपट्टीवरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी आपले दस्तक घ्यावे, हा कान्होजींचा आग्रह होता. इंग्रजांनी त्यास चाचेगिरी म्हटले. वस्तुतः पोर्तुगीज दोन शतके असेच परवाने देत आले होते. करवसुलीचा जो अधिकार स्वतःस मान्य, तो दुसऱ्याने बजावताच गुन्हा ठरावा, हा न्याय अजब नव्हे काय?

विजयदुर्ग आणि खांदेरीवरील हल्ले फसल्यावर इंग्रजांनी पोर्तुगीजांशी हातमिळवणी केली. डिसेंबर 1721 मध्ये मॅथ्यूजची चार लढाऊ जहाजे आणि उभयतांचे सैन्य अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून गेले. मोहीम फसली, ती तोफांच्या उणिवेमुळे नव्हे. इंग्रजांना दस्तकातून सुटका हवी होती. पोर्तुगीजांना वसई-चौलचा मुलूख सांभाळावयाचा होता. सेनापतींचे आपसांत पटेना. अशात पहिला बाजीराव फौजेसह धावून आला. जमिनीवरून मराठी घोडदळ आणि समुद्रात आंग्र्यांचा किल्ला, अशा कात्रीत सापडताच पोर्तुगीजांनी जानेवारी 1722 मध्ये स्वतंत्र तह केला. एकट्या पडलेल्या इंग्रजांना परतावे लागले. गलबते एकत्र आली होती, हितसंबंध नव्हेत.

1729 मध्ये कान्होजी निवर्तले, तोवर त्यांचे आरमार अजिंक्य राहिले. पण वारसांत कलह माजला आणि तुळाजी आंग्रे यांचे पेशव्यांशी वितुष्ट आले. तेव्हा पेशव्यांनी इंग्रजांचेच साहाय्य घेतले. 1756 मध्ये विजयदुर्ग पडला, मराठी आरमाराचा कणा मोडला आणि लाभ झाला तो मुंबईकर इंग्रजांचा. बाळाजींनी जोडलेली गाठ त्यांच्याच नातवाच्या कारकीर्दीत सुटली.

परकी युती फोडणारी एकजूट आपणच मोडली, तर तट कितीही भक्कम असून काय उपयोग? कान्होजींचे स्मरण करताना विजयाइतकाच हा हिशेबही विद्यार्थ्यांपुढे मांडला गेला पाहिजे.