नदीवरच्या सात पुलांचं कोडं सोडवलं आणि वेबवरच्या नेटवर्क ग्राफचा पाया घातला, तो लिओनार्ड ऑयलर

एखाद्या बातमीच्या साइटवर तुम्ही ते जाळं नक्की बघितलं असेल. ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. कुठली कंपनी कुणाच्या नावावर, कुठल्या अकाउंटने कुणाची पोस्ट पुढे ढकलली, असलं सगळं त्यात दाखवतात. ठिपक्यावर बोट ठेवलं की त्याच्या रेषा उजळतात. या जाळ्याला ग्राफ म्हणतात. ठिपका म्हणजे नोड आणि रेषा म्हणजे एज.

हे बनवणाऱ्या पोरापोरींना विचारलं तर कळतं की खरी डोकेदुखी चित्राची नसतेच. कुणी गेफीमधून जीईएक्सएफ फाइल पाठवतं, कुणी ग्राफएमएल, कुणी डॉट. ब्राउझरला मात्र हवी असते जेसन. मग एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात नेण्याचा उद्योग सुरू होतो. आणि नेताना काय ठेवलं, काय गळालं यावर ते जाळं खरं की खोटं हे ठरतं.

काय ठेवायचं आणि काय टाकायचं, हा निर्णय जवळपास तीनशे वर्षांपूर्वी एका माणसाने अगदी चोख घेतला होता. त्याचं नाव लिओनार्ड ऑयलर. आपल्याकडे बरेच जण युलर म्हणतात, पण उच्चार ऑयलर.

जन्म १५ एप्रिल १७०७ चा, स्वित्झर्लंडच्या बासेल शहरातला. वडील पाद्री, आणि पोरानेही पाद्रीच व्हावं हा घरचा बेत. पण वडिलांनी स्वतः तरुणपणी याकोब बर्नुली या गणितज्ञाची व्याख्यानं ऐकली होती, त्यामुळे घरात गणिताचा वास होताच. ऑयलर वयाच्या १३ व्या वर्षी विद्यापीठात गेला. तिथे होते याकोबचे धाकटे भाऊ योहान बर्नुली, त्या काळातलं युरोपातलं मोठं नाव. त्यांनी खासगी शिकवणीला सरळ नाही म्हटलं. पुस्तकं मात्र सुचवली, आणि अडलेलं विचारायला शनिवारी दुपारी यायची मुभा दिली. आता असा माणूस आठवड्यातून एकदाच भेटणार, तर पोरगं काय करायचं? आठवडाभर स्वतःच डोकं लावायचं, म्हणजे शनिवारी कमीत कमी प्रश्न उरतील. पुढे बर्नुलींनीच वडिलांची समजूत काढली आणि एक पाद्री कमी झाला.

१७२७ मध्ये बासेल विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा निघाली. ऑयलरने अर्ज केला, जागा मिळाली नाही. त्याच वर्षी पॅरिसच्या अकादमीने स्पर्धा ठेवली होती, जहाजावर डोलकाठ्या कुठे उभ्या कराव्यात. स्वित्झर्लंडला समुद्र नाही, तरी पठ्ठ्याने निबंध पाठवला आणि दुसरा नंबर काढला.

तेवढ्यात रशियातून बोलावणं आलं. योहान बर्नुलींचा मुलगा डॅनियल सेंट पीटर्सबर्गच्या नव्या अकादमीत होता, त्याने शिफारस केली. रिकामी जागा होती शरीरशास्त्राची. ऑयलरने मग वैद्यकाची पुस्तकं उघडली. मे १७२७ मध्ये तो पोहोचला आणि त्याच सुमारास अकादमीला आधार देणारी महाराणी कॅथरीन पहिली वारली. अकादमी टिकते की नाही इथपासून प्रश्न. मधला काही काळ त्याने रशियन नौदलातही नोकरी केली. १७३३ मध्ये डॅनियल मायदेशी परतला आणि गणिताची मुख्य जागा ऑयलरकडे आली. पुढच्या जानेवारीत कातारिना ग्सेल या चित्रकाराच्या मुलीशी त्याचं लग्न झालं. त्यांना १३ मुलं झाली. मोठी होईपर्यंत जगली फक्त ५.

आता त्या पुलांकडे येऊ. प्रशियात क्योनिग्सबर्ग नावाचं शहर होतं. प्रेगेल नदी शहरातून वाहायची, मधोमध क्नाइपहोफ नावाचं बेट, आणि सगळं मिळून सात पूल. लोकांचं जुनं कोडं असं, की प्रत्येक पूल एकदाच, फक्त एकदाच ओलांडून अख्खा फेरफटका मारता येईल का? कुणाला जमत नव्हतं आणि जमणारच नाही असं छातीठोक सांगताही येत नव्हतं.

ऑयलरला यात गणित आहे असं फारसं वाटलंच नव्हतं. डान्झिगचा महापौर एलर याच्याशी त्याचा या विषयावर पत्रव्यवहार झाला. एप्रिल १७३६ च्या पत्रात त्याचा सूर असा, की हे नुसतं डोकं चालवून सुटणारं आहे, मग लोक ते गणितज्ञाकडूनच का सोडवून घेतात कोण जाणे. पण तोवर उत्तर त्याने काढलेलं होतं. २६ ऑगस्ट १७३५ ला अकादमीसमोर मांडलंही होतं.

त्याने केलं काय? नकाशातलं अंतर टाकलं. रस्त्यांची लांबी टाकली, बेटाचा आकार टाकला. उरले जमिनीचे चार तुकडे आणि सात पूल. तुकड्यांना त्याने लॅटिनची मोठी अक्षरं दिली, पुलांना छोटी. आपण भूमितीच्या वहीसारखी अ, ब, क, ड घेऊ. अ म्हणजे बेट, ब आणि क हे दोन काठ, ड म्हणजे पूर्वेकडचा भाग. अ वरून ब वर गेलात की लिहायचं अब. तिथून ड वर गेलात की अबड. म्हणजे फेरफटका ही झाली अक्षरांची एक ओळ. सात पूल ओलांडले की ओळीत आठ अक्षरं हवीत, ना एक कमी ना एक जास्त.

बेटाला पाच पूल आहेत, ते सगळे वापरायचे तर ओळीत अ तीन वेळा आला पाहिजे. बाकीच्या तिघांना प्रत्येकी तीन पूल, म्हणून ती अक्षरं दोन-दोन वेळा. ३ + २ + २ + २ म्हणजे ९. जागा आठच. विषय संपला, फेरफटका होत नाही.

त्याने मग सगळ्या शहरांसाठी नियमच देऊन टाकला. विषम पूल असलेले तुकडे दोनपेक्षा जास्त निघाले की वाट नाही. वाट असते तेव्हा ती नक्की सापडतेच, याची पक्की सिद्धता मात्र कार्ल हियरहोल्झर या जर्मन गणितज्ञाच्या नावावर आहे. ती छापून आली १८७३ मध्ये.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. इंटरनेटवर ऑयलरच्या नावाने चार ठिपके आणि सात रेषांचं जे चित्र फिरतं, ते त्याच्या निबंधात नाही. ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुस्तकांत आलं. ऑयलरने नकाशा दिला, अक्षरं दिली आणि कुठल्या तुकड्याला किती पूल याचा तक्ता दिला. म्हणजे त्याचा ग्राफ चित्र नव्हता, यादी होती. आजची जेसन फाइल उघडा, तीही तशीच. नोडची एक यादी, एजची दुसरी, आणि प्रत्येक एजपुढे कुठून कुठे. चित्र ब्राउझर नंतर काढतो.

आता हेच सात पूल एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात नेऊन बघा. बेट आणि ब काठ यांच्यात दोन पूल आहेत, बेट आणि क काठ यांच्यातही दोन. पायथनच्या नेटवर्कएक्समध्ये साधा ग्राफ घेतला तर तो दोन नोडमध्ये एकच एज ठेवतो. जोडपूल हवे असतील तर मल्टिग्राफ घ्यावा लागतो. डॉट फाइलच्या सुरुवातीला स्ट्रिक्ट हा शब्द असला तरी तेच होतं, दोन रेषांची एक होते. एरर येत नाही. सातचे पाच पूल होतात. अ ला तीन, ड ला तीन, ब आणि क ला दोन-दोन. विषम तुकडे उरले दोनच. मग कोड खुशाल सांगतो, फेरफटका होतो की! आणि ऑयलर खोटा ठरतो.

म्हणून प्रत्येक पुलाला स्वतःचं नाव हवं. ऑयलरने ते दिलं होतं. ग्राफएमएलमध्ये एजला आयडी देता येतो, सायटोस्केप जेएसमध्ये तर प्रत्येक नोडचा आणि एजचा आयडी वेगळाच असावा लागतो. डी३ मध्ये दुसराच घोळ होतो. नोडचा आयडी कुठला ते सांगितलं नाही, तर ते एजमधल्या किमतींना शून्यापासून मोजलेले अनुक्रमांक समजतं. तिथे नावं लिहिलेली असली की नोड सापडत नाही म्हणून थांबतं. हा एरर परवडला, निदान ओरडतो तरी. जोडपूल गिळणारी चूक मुकाट असते.

योगायोग बघा. ऑगस्ट १९४४ मध्ये ब्रिटिश विमानांनी क्योनिग्सबर्गवर बॉम्ब टाकले. दोन पूल गेले, आणि गेले ते नेमके दोन्ही जोड्यांमधले एकेक. चुकीचं फॉरमॅट जे फाइलचं करतं, तेच युद्धाने शहराचं केलं. शहर आता रशियात आहे, नाव कालिनिनग्राड. उरलेल्या पाच जोडण्यांवरून अ पासून ड पर्यंत फेरफटका खरोखर होतो.

ऑयलरला मात्र वेगळीच किंमत मोजावी लागत होती. १७३५ मध्ये तो तापाने मरता मरता वाचला. १७३८ मध्ये उजव्या डोळ्याची नजर गेली. तो स्वतः नकाशांच्या बारीक कामाला दोष द्यायचा. १७४१ मध्ये रशियातल्या अस्थिर राजकारणातून बाहेर पडून तो प्रशियाचा राजा फ्रेडरिक दुसरा याच्या बोलावण्यावरून बर्लिनला गेला आणि २५ वर्षं राहिला. पृष्ठं, कडा आणि शिरोबिंदू यांचं सूत्र इथलंच. राजाचं आणि त्याचं मात्र जमलं नाही. फ्रेडरिकला व्होल्टेअरसारखे फर्डं बोलणारे लोक आवडायचे, हा साधा, देवभोळा, पोराबाळांत रमणारा. राजाने त्याच्या एका डोळ्यावरून ग्रीक पुराणातल्या एकाक्ष राक्षसाचं नाव ठेवलं होतं. अकादमीचा अध्यक्ष वारल्यावर सगळा कारभार ऑयलरने ओढला, पण पद राजाने फ्रान्सच्या दालांबेरला देऊ केलं. दालांबेरने नाही म्हटलं, तरी ते ऑयलरला मिळालं नाही.

१७६६ मध्ये तो कॅथरीन दुसरीच्या बोलावण्यावरून सेंट पीटर्सबर्गला परतला. लवकरच डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू. १७७१ मध्ये शस्त्रक्रिया झाली, थोडे दिवस दिसलं, मग जंतुसंसर्गाने तेही गेलं. त्याच वर्षी घराला आग लागली. पीटर ग्रिम नावाच्या बासेलच्याच एका कारागिराने त्याला आगीतून बाहेर काढलं. बहुतेक हस्तलिखितंही वाचली. दोन वर्षांत कातारिना गेली. १७७६ मध्ये त्याने तिच्या सावत्र बहिणीशी लग्न केलं.

एवढं झाल्यावर माणूस बसला असता. याचं काम वाढलं. मुलगा योहान आल्ब्रेख्ट आणि निकोलस फुस यांच्यासारखे तरुण लिहून घ्यायचे, हा तोंडी सांगायचा. लांबलचक गणितं डोक्यात. १७७५ मध्ये सरासरी आठवड्याला एक निबंध पडत होता. चंद्राच्या गतीवरचा जाडजूड ग्रंथ याच काळातला.

१८ सप्टेंबर १७८३. नुकत्याच सापडलेल्या युरेनसच्या कक्षेवर सहकारी लेक्सेलशी बोलणं झालं. त्याच दिवशी मेंदूत रक्तस्राव होऊन ऑयलर गेला. अकादमीकडे त्याचे इतके निबंध शिल्लक होते, की ते छापायला पुढची जवळपास ५० वर्षं लागली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गुस्ताफ एनेस्ट्रोम या स्वीडिश अभ्यासकाने त्याच्या सगळ्या लिखाणाची यादी केली. नोंदी भरल्या ८६६. सात पुलांचा निबंध त्यात ५३ व्या क्रमांकावर आहे.