अण्णा आणि बाया

स्मरणिकेसाठी महर्षी कर्व्यांवर लिहा, असं सेक्रेटरींनी सांगितलं. पण मला आधी आठवतात त्यांच्या पत्नी, बाया. त्यांचं ‘माझे पुराण’ आमच्या सौ.च्या उशाशी असायचं. ती गेल्यावर मी ते वाचलं.

बाया बालविधवा. १८९३ साली अण्णांनी त्यांच्याशी पुनर्विवाह केला, तेव्हा कोकणात, मुरुडला, गावानं बहिष्कार घातला. १८९६ साली अण्णांनी विधवांसाठी आश्रम काढला, पुढे तो हिंगण्याला गेला. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचं आणि चिखल तुडवत हिंगणं गाठायचं, हा त्यांचा क्रम. सत्तरी उलटल्यावर महिला विद्यापीठासाठी युरोप-अमेरिका फिरून आले!

पण शिल्लक आश्रमाला दिली, विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाच्या नावे केली, तेव्हा बायांना वाईट वाटलं. का वाटू नये? पोराबाळांचं काय, हा प्रश्न घर चालवणारीलाच पडतो. तरी त्याच आश्रमासाठी बाया स्वतः वर्गणी मागत फिरल्या.

सोसायटीच्या पहिल्या वर्षांत मीही मीटिंगा आटोपून रात्री अकराला घरी यायचो. सौ. जेवायची थांबलेली असायची. पॉलिसीचा भाग वाचताना मी दोनदा पुस्तक मिटलं.