केरीसाहेबांच्या पत्नी डॉरथीबाई

बंगाल्यांतील श्रीरामपूर येथें १८११ सालीं मराठी नवा करार छापून निघाला. त्या कामाचे धुरीण विल्यम केरी यांचें नांव आपल्या मंडळ्यांत पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु त्यांच्या पहिल्या पत्नी डॉरथीबाई यांची हकीकत फारशी सांगितली जात नाहीं. ती सुखाची नाहीं, तरी संसारी माणसानें, विशेषेंकरून उपदेशकानें, ती ऐकणें अगत्याचें आहे.

डॉरथीबाईंचा जन्म इंग्लंडांत १७५६ सालीं झाला. १७८१ सालीं पिडिंग्टन गांवीं त्यांचा विवाह झाला, तेव्हां केरी जोडे शिवण्याचें काम करीत. बाई त्यांच्याहून पांच वर्षांनीं वडील होत्या. लग्नाच्या नोंदवहींत त्यांनीं सहीऐवजीं फुलीची खूण केली. पुढें पतीनें लॅटिन, ग्रीक, इब्री अशा भाषा हस्तगत केल्या. बाईंचे दिवस मात्र चूल, मुलें आणि दारिद्र्य यांतच गेले. दोन मुली लहानपणींच वारल्या.

१७९३ च्या जानेवारींत केरींनीं हिंदुस्थानांत जाण्याचें पत्करलें. बाई त्या वेळीं गरोदर होत्या. त्यांनीं येण्याचें साफ नाकारलें. तेव्हां केरी थोरल्या मुलास, फेलिक्सला, घेऊन निघाले; पण कंपनीचा परवाना नसल्यामुळें त्यांस जहाजावरून उतरावें लागलें. ते परत आले तेव्हां बाईंस बाळंत होऊन थोडेच आठवडे झाले होते. केरींनीं पुन्हां विचारलें. बाई पुन्हां नाहीं म्हणाल्या. मग सोबती टॉमस यांनीं येऊन, न आल्यास कुटुंब कायमचें दुभंगेल व जन्मभर पस्तावावें लागेल, असें भय घातलें. बाई कबूल झाल्या. बहीण सोबत यावी एवढीच त्यांची अट होती. अशा कबुलीस संमति म्हणतां येत नाहीं.

१३ जून १७९३ रोजीं जहाज सुटलें, तें नोव्हेंबरांत बंगाल्यांत पोंचलें. जवळचा पैसा लवकरच सरला. बाई व फेलिक्स यांस रक्तातिसारानें गांठलें. बिऱ्हाड वारंवार हलवावें लागलें. सुंदरबनांत बहिणीचें लग्न ठरलें व ती मागें राहिली. १७९४ सालीं मदनावती येथील निळीच्या कारखान्यावर केरींस नोकरी मिळाली. त्याच वर्षीं पांच वर्षांचा पीटर आजारानें दगावला.

१७९५ पासून बाईंचें चित्त भ्रमिष्ट झालें. पति व्यभिचारी आहे, असा खोटा संशय त्यांच्या मनांत घर करून बसला. त्या त्यांच्या अंगावर धांवून जात. पुढें त्यांस खोलींत बंद ठेवावें लागे. १८०० च्या आरंभीं कुटुंब श्रीरामपुरास गेलें. तेथें केरी शास्त्राचें भाषांतर करीत, आणि शेजारच्या खोलींत बाईंचा आक्रोश चाले. ८ डिसेंबर १८०७ रोजीं, एक्कावन्न वर्षांच्या असतां, त्या वारल्या.

केरींनीं त्यांस शेवटपर्यंत टाकलें नाहीं, हें मानलें पाहिजे. परंतु कित्येक जुन्या चरित्रकारांनीं सारा दोष बाईंवरच ठेविला, जणूं त्या पतीच्या कामांतील धोंड होत्या. हें न्यायाचें नाहीं. मन खचणें हा तापासारखाच खरा रोग आहे, हें आजचें वैद्यशास्त्र जाणतें. पाठोपाठचे शोक, आजार, एकटेपणा, आणि स्वतःच्या आयुष्याविषयीं आपला शब्द चालत नाहीं ही जाणीव, यांनीं तो बळावतो. बाईंच्या वांट्यास हें सर्वच आलें.

उपदेशकबंधूंनो, प्रभूच्या कामासाठीं गांव सोडण्याचा प्रसंग आला, तर सामान बांधण्यापूर्वीं पत्नीस विचारावें. ती नाहीं म्हणाली, तर तिचें कारण शांतपणें ऐकावें. तिला धाक घालण्यास दुसऱ्या कोणास आणूं नये. ख्रिस्तानें मंडळीवर सत्ता गाजविली नाहीं, तिच्यासाठीं स्वतःस दिलें. पतीनें तोच कित्ता गिरवावा. आणि घरांतील स्त्री बोलेनाशी, जेवेनाशी झाली, रात्रभर जागूं लागली, तर तिला भूतबाधा झाली किंवा तिचा विश्वास उणा पडला असें म्हणूं नये. तिच्याजवळ बसावें, तिचें ऐकावें, आणि वेळ न दवडतां तिला डॉक्टरांकडे न्यावें.