पुवात सापडलेला डीएनए

डीएनए म्हटलं की आपल्याला वॉटसन आणि क्रिक ही जोडी आठवते. पण त्यांचं मॉडेल आलं १९५३ साली. त्याच्या तब्बल ८४ वर्षं आधी, १८६९ मध्ये, फ्रीड्रिश मीशर नावाच्या २४ वर्षांच्या पोराने डीएनए पेशीतून बाहेर काढलासुद्धा होता!

मीशरचा जन्म १३ ऑगस्ट १८४४ रोजी स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात झाला. वडील डॉक्टर, मामा विल्हेल्म हिस नावाजलेले शरीरशास्त्रज्ञ. मीशरही डॉक्टर झाला, पण लहानपणच्या आजारपणामुळे त्याला कमी ऐकू यायचं. पेशंट तपासण्यापेक्षा लॅब बरी, असं ठरवून तो जर्मनीतल्या ट्युबिंगेनला होप्पे-झायलर सरांकडे गेला. तिथली लॅब म्हणजे एका जुन्या किल्ल्यातला मुदपाकखाना!

काम काय, तर दवाखान्यातून आलेल्या बँडेजवरचा पू धुऊन त्यातल्या पांढऱ्या पेशी गोळा करायच्या. आपण तर नाक दाबून पळालो असतो. याने डुकराच्या जठरातलं पेप्सिन वापरून पेशींतली प्रथिनं विरघळवली आणि केंद्रकं वेगळी केली. त्यांतून निघालेलं द्रव्य अल्कलीत विरघळायचं, आम्ल घातलं की पुन्हा खाली बसायचं. त्यात फॉस्फरस भरपूर होता, म्हणजे हे नेहमीचं प्रथिन नव्हे. त्याने नाव दिलं 'न्यूक्लीन'. सरांचा विश्वास बसेना. त्यांनी स्वतः सगळे प्रयोग पुन्हा केले आणि मगच, १८७१ मध्ये, त्याचा पेपर छापला.

मला मात्र त्याचं पुढचं काम जास्त भारी वाटतं. बाझलला परतल्यावर त्याने ऱ्हाइन नदीतल्या सामन माशांचे शुक्राणू घेतले, कारण त्यांत बहुतेक सगळं केंद्रकच असतं. न्यूक्लीन खराब होऊ नये म्हणून हा पठ्ठ्या ऐन थंडीत, खोली गरम न करता काम करायचा. १८७४ मध्ये त्याला न्यूक्लीनसोबत आणखी एक द्रव्य मिळालं : प्रोटामिन.

ते कशासाठी असतं, हे आज आपल्याला माहीत आहे. माणसाच्या एका पेशीत सुमारे २ मीटर डीएनए असतो आणि केंद्रक असतं मिलिमीटरच्या जेमतेम शंभराव्या भागाएवढं. एरवी हा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या गोळ्यांवर गुंडाळलेला असतो. (हिस्टोन कोसेलने १८८४ मध्ये शोधलं.) शुक्राणूत जागा आणखी कमी, म्हणून तिथे प्रोटामिन त्याला अजून घट्ट आवळतं. ज्यांनी हॉस्टेलला येताना गादीची वळकटी बांधली असेल, त्यांना हे लगेच कळेल. मीशरच्या हातात वळकटी होती आणि ती आवळणारा पट्टासुद्धा!

पण त्या वळकटीत आनुवंशिकता बांधलेली आहे, हे त्याला कळलंच नाही. २६ ऑगस्ट १८९५ रोजी दावोसला क्षयाने तो गेला, वय अवघं ५१. तो पुरावा एव्हरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिला, १९४४ मध्ये.

प्रॅक्टिकलला आपण सतत विचारतो, याचा उपयोग काय? आणि सीनिअरच्या जर्नलमधून रीडिंग्ज उतरवतो. मीशरला तर उपयोग शेवटपर्यंत समजला नाही. तरी त्याने पू नीट धुतला, म्हणूनच त्याचं न्यूक्लीन टिकलं.