परत येण्याची हमी

गेल्या जूनमध्ये आमच्या मराठीच्या बाईंना व्हिसा नाकारला गेला. युरोपातल्या एका विद्यापीठात स्त्रियांच्या प्रवासवर्णनांवर परिषद होती. बाईंचा निबंध स्वीकारला गेला होता. राहण्याजेवण्याची सोय ते विद्यापीठ करणार होते आणि विमानाच्या तिकिटासाठी बाईंनी पतपेढीचे कर्ज काढले होते. कागद लावायला आम्ही तिघीजणी होतो, म्हणून ती फाइल मला अजून पाठ आहे : निमंत्रणपत्र, बँकेचे उतारे, प्रवासविमा, नोकरीचा दाखला, रजेची मंजुरी आणि घरदार, जमीनजुमला असल्यास त्याचा पुरावा. काही दिवसांनी पासपोर्ट परत आला. आत एक छापील कागद होता आणि त्यावरच्या एका चौकोनात फुली. मुदत संपण्यापूर्वी ही व्यक्ती मायदेशी परतेल याची खात्री वाटत नाही, असा त्या फुलीचा अर्थ.

बाई तासिका तत्त्वावर शिकवतात. कायम नेमणुकीचे पत्र नाही. मानधन येते तेव्हा येते, त्यामुळे बँकेच्या उताऱ्यात दरमहाचा पगार दिसत नाही. लग्न केलेले नाही. सातबाऱ्यावर भावांची नावे आहेत. कागदावरून पाहिले तर बाईंना शिरूरला बांधून ठेवणारे काहीच नाही! वर्गात मात्र त्यांनी याविषयी चकार शब्द काढला नाही. फक्त पुढच्या रविवारी आम्हांला केडगावला घेऊन गेल्या.

शिरूरहून न्हावऱ्यावरून पारगावला भीमा ओलांडली की दौंड तालुका लागतो आणि थोड्याच वेळात केडगाव येते. दौंडची माझी मैत्रीण शटलने येऊन स्टेशनवर थांबली होती. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन इथेच आहे. बाईंचा तो निबंध रमाबाईंच्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ या १८८९ सालच्या पुस्तकावर होता. शाळेत आम्ही रमाबाईंवर चार ओळी शिकलो होतो. विधवांसाठी काम केले, एवढेच डोक्यात होते. त्या दिवशी झाडाखाली बसून बाईंनी जे सांगितले आणि नंतर मी ग्रंथालयातून आणून जे वाचले, ते लिहिते आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवले. या गुन्ह्याची किंमत त्यांनी आयुष्यभर मोजली. आईने पुढे रमाबाईंना शिकवले. पुराणे सांगत, तीर्थे करीत हे कुटुंब पायी देश हिंडले आणि दुष्काळात आईवडील दोघेही उपासमारीने गेले. उरलेली दोघे भावंडे चालत चालत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. जात वेगळी, प्रांत वेगळा. १८८२ च्या फेब्रुवारीत तेही गेले. मागे राहिली मनोरमा, वर्षाचीसुद्धा नव्हती.

मधली एक गोष्ट मला फार लागली. १८८१ मध्ये बर्लिनला प्राच्यविद्या पंडितांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. रमाबाईंनी संस्कृत भाषेच्या दैन्यावर रचलेली संस्कृत कविता त्या परिषदेपुढे मांडली गेली. कविता बर्लिनला पोहोचली, कवयित्री मात्र आसामात सिल्चरला, कडेवर तान्ही मुलगी घेऊन!

पतीच्या निधनानंतर त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला आणि हंटर आयोगापुढे साक्ष दिली. स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर आणि शिक्षिका हव्यात, हे त्यांनी तिथे ठासून मांडले. आणि मग स्वतःच डॉक्टर व्हायचे ठरवून इंग्लंडची वाट धरली.

त्या काळी पासपोर्ट-व्हिसाची कटकट नव्हती. पहिल्या महायुद्धापर्यंत सामान्य प्रवाशाला ते लागत नसे, आणि आपल्याकडचा पासपोर्टचा कायदा १९२० चा. पण म्हणून परवानगी लागत नव्हती असे थोडेच आहे? समुद्र ओलांडणे हेच पाप होते. पुरुष परतले की त्यांना प्रायश्चित्त घ्यावे लागे. इथे तर विधवा निघाली होती. त्याच एप्रिल १८८३ मध्ये त्यांच्या दूरच्या नात्यातल्या आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या. पण आनंदीबाईंच्या पाठीशी निदान नवरा होता.

मी गंमत म्हणून बाईंचा अर्ज रमाबाईंच्या नावाने भरून पाहिला. आईवडील : नाहीत. भाऊ : नाही. पती : नाही. घर, जमीन : काही नाही. मूल : आहे, पण ते बरोबर चालले आहे. म्हणजे परत येण्याचे कारणच उरले नाही. फुली मारायला कोणत्याही अधिकाऱ्याला अर्धे मिनिट पुरले असते. खर्च कोण करणार, या रकान्याचे उत्तर तेवढे झकास आहे. १८८२ मध्ये त्यांनी ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि त्याच्या विक्रीवर बोटीचे भाडे उभे केले. इंग्लंडमध्ये वाँटेज इथल्या मठातल्या भगिनींना मराठी शिकवायची आणि त्या बदल्यात राहायचे-जेवायचे, असा करार होता. आपली मायबोली शिकवून विलायतेत पोट भरले! मराठी घेऊन काय करणार, असे मला घरी रोज ऐकावे लागते, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

सप्टेंबर १८८३ मध्ये वाँटेजला मायलेकींनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. महाराष्ट्रात गहजब झाला. बरोबर गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथेच आत्महत्या केली. एवढ्या परक्या मुलुखात तो घाव एकटीने सोसायचा, याची कल्पनाही मला करवत नाही. डॉक्टर होण्याचे स्वप्नही मोडले, कारण ऐकू कमी येऊ लागले होते. मग त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकल्या आणि शिकवूही लागल्या.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या. थोड्या दिवसांसाठी गेलेल्या रमाबाई अमेरिकेत पावणेतीन वर्षे राहिल्या. घ्या! मुदतीबाहेर राहिल्या, असा शेरा आज नक्की बसला असता. त्या काळात त्यांनी बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले, गावोगाव व्याख्याने दिली, १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्यातून डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि हिंदुस्थानातल्या विधवांच्या शाळेला दहा वर्षे मदत देण्याचे तिने कबूल केले. १८८८ मध्ये वॉशिंग्टनला स्त्रियांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिथे हिंदुस्थानच्या वतीने रमाबाई होत्या. बर्लिनला कविताच गेली होती. इथे त्या स्वतः उभ्या राहिल्या.

आणि त्या परत आल्या. सॅन फ्रान्सिस्कोहून जपानमार्गे १८८९ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरल्या आणि ११ मार्चला चौपाटीवर शारदा सदन उघडलेदेखील. आनंदीबाईंच्या पदवीला त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती, पण पदवी घेणारी तोवर या जगात नव्हती. सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, पुढे त्या महर्षी कर्व्यांच्या पत्नी झाल्या. १८९० मध्ये सदन पुण्याला आले. मुलींना ख्रिस्ती करतात, या आरोपावरून १८९३ मध्ये मोठे वादळ झाले. रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतक दूर झाले आणि कित्येकांनी मुली काढून नेल्या. या वादात दोन्ही बाजूंना काही म्हणणे आहे, हे मला मान्य आहे. पण काढून नेलेल्या मुलींना पुढे कोणी शिकवले, हे मात्र कोणी विचारत नाही.

मग केडगाव. त्या वेळी माळ आणि दगड. आधी विहिरी खणल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. स्वतः भूक पाहिलेली बाई ती! पुण्यात प्लेग आला आणि मुलींचा मुक्काम कायमचा इकडे हलला. १८९८ मध्ये दहा वर्षांचा करार संपल्यावर त्या पुन्हा अमेरिकेला जाऊन मदतीची तजवीज करून आल्या. म्हणजे दुसऱ्यांदाही परत आल्या. इथे मुली विणकाम शिकल्या, शेती शिकल्या, छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी बायबलचे मराठी भाषांतर केले. ते पुरे होईपर्यंत, आधीच्या वर्षी मनोरमा गेली तरीही, त्या काम करीत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच वारल्या.

बाईंचा निबंध अखेर परिषदेत वाचला गेला, शिरूरहून, संगणकाच्या पडद्यावरून. मध्ये दोनदा वीज गेली. पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या एका परिषदेसाठी बाईंनी परवा पुन्हा अर्ज भरला. आम्ही तिघीच मदतीला होतो. घरदार, जमीनजुमला या रकान्यापाशी बाई थोडा वेळ थांबल्या, मग तो कोराच ठेवून त्यांनी पान उलटले. बोटांच्या ठशांसाठी फेब्रुवारीतली तारीख मिळाली आहे.