खराटा कोणाच्या हाती?

डेबूजी झिंगराजी जाणोरकर म्हणजेच संत गाडगेबाबा. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेणगावात परीट कुटुंबात जन्मले. वडील दारूपायी गेले. डेबू आजोळी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे वाढला. गुरे राखली, नांगर धरला आणि १९०५ साली घर सोडले.

अंगावर चिंध्या, डोक्यावर गाडग्याचे खापर, हाती खराटा. गावात शिरले की बाबा कोणालाही न विचारता रस्ता झाडायला लागत. बघता बघता गावकरीही हाती झाडू घेत. रात्री कीर्तन. नवस, पशुबळी, कर्ज काढून लग्न, दारू, शिवाशीव यांवर ते लोकांनाच वऱ्हाडीत प्रश्न विचारीत आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढीत.

गाव झाडणे, मेलेली ढोरे ओढणे ही कामे गावगाड्याने जन्मावरून महारांच्या माथी मारली होती. ती सोडा, असे बाबासाहेबांनी सांगितले. मग खराटा घेणारे गाडगेबाबा आपले कसे, असे काही तरुण कार्यकर्ते आम्हाला विचारतात. बाबांनी खराटा स्वतः उचलला आणि ज्यांनी तो कधी धरला नव्हता त्यांच्या हाती दिला, हे त्यांनी लक्षात घ्यावे.

पंढरपुरात त्यांनाही जातवार धर्मशाळा बांधाव्या लागल्या, हे आम्ही झाकणार नाही. महार वारकऱ्याला इतरांच्या धर्मशाळेत थारा नव्हता. तिथली चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ प्रवासातच त्यांनी देह ठेवला.

२०००-०१ साली शासनाने त्यांच्या नावे ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. आम्ही वाशीम जिल्ह्यातले वकील. खेड्यांत जाणेयेणे असते. श्रमदानाला कोण येते? बौद्धवाड्यातल्या बाया, म्हातारी माणसे, शाळेची पोरे. बागायतदार फोटोपुरता. शेतमजुराने दिवसा यावे तर रोज बुडतो. न आला तर त्यालाच गावाची आस्था नाही म्हणायचे! आणि झाडलेला कचरा बहुधा वस्तीच्याच बाजूला पडतो.

जऊळक्याच्या समाजबांधवांना आमचे सांगणे आहे की, २० डिसेंबरचे श्रमदान मजूर कामावर जाण्याआधी पहाटे ठेवा, सुरुवात गावातल्या मोठ्या घरांच्या गल्लीपासून करा, आणि कचरा कुठे टाकायचा हे आदल्या दिवशी ग्रामपंचायतीकडून लेखी घ्या.