डॉक्टर लिव्हिंग्स्टन यांची लहान आगबोट

आम्हां नामपूरकडील लोकांस मोसम नदीचा पूर ठाऊक आहे. समुद्रातील तुफान आपल्यापैकी फारच थोड्यांनी पाहिले असेल. तथापि ज्या थोर सेवकाचे चरित्र येथे देत आहो, त्याच्या बोटीवरील खलाशांनीही पूर्वी समुद्र पाहिला नव्हता.

डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचा जन्म १९ मार्च १८१३ रोजी स्कॉटलंडातील ब्लँटायर गावी झाला. घरची गरिबी, म्हणून दहाव्या वर्षीच ते कापसाच्या गिरणीत लागले. पुढे वैद्यकी शिकून मिशनरी म्हणून १८४१ साली आफ्रिकेस पोहोचले. वाटेत जहाजाच्या कप्तानापासून ताऱ्यांवरून ठिकाण काढण्याची विद्या त्यांनी घेतली, ती पुढे प्राण वाचविण्याच्या कामी आली.

आफ्रिकेत माणसांचा विक्रय पाहून त्यांचे अंतःकरण पोळले. न्यासा सरोवरावर फिरून या व्यापारास आळा घालावा म्हणून त्यांनी सुमारे सहा हजार पौंड पदरचे खर्चून "लेडी न्यासा" नावाची आगबोट बांधविली. ती सुमारे ११५ फूट लांब व १४ फूट रुंद होती. १८६२ साली त्यांची पत्नी मेरी झांबेझीकाठी तापाने वारली. पुढच्याच वर्षी सरकारने मोहीम परत बोलाविली, आणि बोट सरोवरापर्यंत गेलीच नाही.

फेब्रुवारी १८६४ मध्ये "एरियल" नावाच्या लढाऊ जहाजामागे ही बोट दोराने बांधून मोझांबिककडे नेली जात असता अकस्मात भयंकर तुफान झाले. मोठ्या जहाजाच्या कप्तानाने, मी होडी सोडतो, आपण इकडे यावे, असे कळविले. साहेबांनी नकार दिला. अशा लाटांत होडीतील माणसे बुडण्याचे भय होते. शिवाय आपण निघून गेलो तर मागे राहणाऱ्यांचा धीर सुटेल, हे ते जाणून होते. ती घोर रात्र त्यांनी आपल्या माणसांबरोबरच काढली. लहानशी बोट लाटांवर चढत-उतरत राहिली, आणि तरली.

मोझांबिकहून ते झांजिबारास गेले. बोट विकावयाची तर होती. परंतु गुलाम वाहून नेणाऱ्यांच्या हाती ती जाणे त्यांस असह्य होते. त्यापेक्षा ती समुद्रात बुडालेली बरी, असे त्यांस वाटे. म्हणून मुंबईस नेण्याचे ठरविले. अंतर सुमारे अडीच हजार मैल, कोळसा केवळ १४ टन, आणि पावसाळा तोंडावर आलेला! यंत्र जाणणारा गृहस्थही झांजिबारास उतरून गेला. सुकाणूवर देखरेख करावयास स्वतः साहेब, सोबत तीन गोरे, झांबेझीकडील सात माणसे व दोन मुले. या धाडसास कोणी वेडेपणा म्हणेल, व त्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही.

३० एप्रिल १८६४ रोजी ते निघाले. आधी वारा पडला. तीन आठवड्यांहून अधिक काळ समुद्र आरशासारखा निश्चल होता. कोळसा जपून वापरणे भाग होते, शिडे लोंबत राहिली. त्यानंतर मान्सूनपूर्व झंझावात सुरू झाले. वारा सुटे तो शिडे फाडीत सुटे, आणि बोट एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर लोळे. फाटलेली शिडे शिवावी व पुन्हा चढवावी, हाच क्रम. झांबेझीची ती माणसे या शाळेत पुरती खलाशी बनली. ४५ दिवसांनी, १३ जून रोजी, धुक्यातून बोट मुंबई बंदरात शिरली. ती इतकी लहान होती की तिच्या येण्याची कोणी दखलही घेतली नाही.

पुढे ती २,३०० पौंडांस विकली. ती रक्कम ज्या पेढीत ठेविली, तीही बुडाली.

परंतु बोटीवरील माणसे वाया गेली नाहीत. चुमा व विकाटानी ही मुले डॉक्टर जॉन विल्सन यांच्या मुंबईतील शाळेत राहिली व १८६५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. सुसी हा खलाशी गोदीत कामास लागला. त्याच साली साहेब पुन्हा आले, तेव्हा आपल्या नाशिकजवळील शरणपूरच्या ख्रिस्ती वसाहतीतून गुलामगिरीतून सोडविलेले नऊ आफ्रिकन तरुण त्यांच्यासोबत निघाले. शरणपुरात शिकलेला जेकब वेनराइट हा त्यांस १८७२ मध्ये जाऊन मिळाला.

मे १८७३ मध्ये चितांबोच्या गावी साहेब प्रार्थनेस गुडघे टेकलेल्या स्थितीत मृत आढळले. सोबत्यांनी त्यांचे हृदय तेथेच एका झाडाखाली पुरले. त्या समयी जेकबाने प्रेतसंस्काराची उपासना वाचली व झाडावर नाव कोरले. मग चुमा, सुसी व इतरांनी देह खांद्यावर घेऊन महिनेच्या महिने चालत समुद्रकाठी आणिला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत दफन झाले, तेव्हा शवपेटीसोबत चालणाऱ्यांत जेकब होता. चुमा व सुसी मात्र दफनविधी आटोपल्यावर विलायतेस पोहोचले.